संपत्तीचा विश्वस्त : जमनालाल बजाज

राजस्थानात जयपूर शहराच्या वायव्येस शेखावाटी नावाचा कोरडा प्रदेश पसरलेला आहे. पाऊस तुटपुंजा, जमीन रेताड आणि विहिरींचे पाणी खोल, अशा या प्रदेशातील अनेक वैश्य कुटुंबे एकोणिसाव्या शतकात उपजीविकेसाठी घराबाहेर पडली. कोणी कलकत्त्यास गेले, कोणी मुंबईस, तर कोणी मध्य प्रांत व वऱ्हाडातील कापसाच्या पेठांत स्थिरावले. मारवाडी व्यापारी म्हणून साऱ्या देशाला परिचित असलेल्या या समाजाने परमुलखात पेढ्या उभारल्या. परंतु मूळ गावाची ओढ मनातून जाऊ दिली नाही. याच शेखावाटीत, तत्कालीन जयपूर संस्थानाच्या सीकर जहागिरीत, काशी का बास नावाच्या लहानशा खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जमनालाल बजाज यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव कनीराम आणि आईचे नाव बिरदीबाई. घरची परिस्थिती बेताचीच होती.

बजाज हे नाव आज उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोटारसायकल, स्कूटर किंवा तीनचाकी रिक्षा उभी राहते. जमनालालजींनी मात्र यांपैकी एकही वाहन तयार केले नाही. तो कारखाना त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उभा राहिला. तरीही त्या उद्योगाची मुळे शोधू गेल्यास ती पुण्याच्या कारखान्याच्याही मागे, वर्ध्याच्या एका पेढीपर्यंत आणि त्या पेढीचा वारसा हाती आलेल्या या पुरुषाच्या जीवनापर्यंत पोहोचतात. मिळवलेले धन कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला आणि आपल्या आचरणाने त्याचे उत्तर दिले.

वर्धा येथे सेठ बच्छराज नावाचे एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असत. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचल्यावर या परिसरातील कापसाला मुंबईचा बाजार जवळ आला आणि वर्ध्याची पेठ भरभराटीस आली. बच्छराज हे जमनालालजींच्या कुळातील दूरचे नातेवाईक. त्यांच्या घराण्याला वारस उरला नव्हता. बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सदीबाई यांनी पाच वर्षांच्या आतबाहेरच्या जमनालालला नातू म्हणून दत्तक घेतले आणि शेखावाटीच्या वाळूत खेळणारे मूल वर्ध्याच्या वाड्यात आले. शालेय शिक्षण त्यांना फार काळ लाभले नाही. जमाखर्च, हिशेब आणि माणसांची पारख हे धडे त्यांनी पेढीवरच गिरविले. १९०२ साली जावरा येथील जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी जानकीदेवी नऊ वर्षांच्या होत्या.

पेढीवरील मुलाचे लक्ष केवळ व्यापारात नव्हते. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुराहून निघणार असे समजताच त्यांनी खाऊच्या पैशांतून साठविलेले शंभर रुपये त्या कामासाठी दिले. पुढे लक्षावधी रुपयांची देणगी त्यांच्या हातून दिली गेली. परंतु काटकसरीने साठविलेल्या या पहिल्या शंभर रुपयांचे समाधान त्यांना विशेष वाटे.

याच सुमारास त्यांच्या स्वभावाची खरी ओळख पटविणारा एक प्रसंग घडला. एका लग्नसमारंभास अंगभर दागिने घालून जावे, असा बच्छराजजींचा आग्रह होता. जमनालालजींना त्या प्रदर्शनाचा तिटकारा होता. बोलाचाली वाढली आणि संतापाच्या भरात आजोबांनी संपत्तीवरून नातवाला टोचून बोलले. सतरा वर्षांच्या त्या तरुणाने वाद घातला नाही. त्याने मुद्रांकाच्या कागदावर एक पत्र लिहिले. बच्छराजजींच्या मालमत्तेवर आपला कसलाही हक्क नाही, पुढेही तो सांगणार नाही, आपल्या मनात कोणाविषयी राग नाही आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज आपण काहीही नेत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र ठेवून तो घराबाहेर पडला. आजोबांचा राग ओसरला, त्यांनी माणसे पाठविली आणि मोठ्या मिनतवारीने नातवाला परत आणले. पुढे थोड्याच काळात, १९०७ साली, बच्छराजजींचे निधन झाले आणि पेढीचा सारा भार जमनालालजींच्या खांद्यावर आला. ज्या संपत्तीवरचा हक्क आपण लेखी सोडून दिला तीच आता आपल्या स्वाधीन झाली आहे, ही जाणीव त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. त्या क्षणापासून ते धनाचे स्वामी होण्याऐवजी त्याचे राखणदार झाले.

व्यापारात ते कुशल होते. कापसाच्या व्यवहारात त्यांनी पेढीचा लौकिक वाढविला आणि मुंबईच्या बाजारातही आपल्या शब्दाला किंमत मिळवून दिली. इंग्रज सरकारने त्यांना मानद दंडाधिकारी नेमले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात रायबहादूर ही पदवी दिली. श्रीमंत व्यापाऱ्याच्या आयुष्यात याहून अधिक काय हवे, असे त्या काळी कोणालाही वाटले असते. जमनालालजींना मात्र मार्गदर्शकाचा शोध होता. टिळक, मदनमोहन मालवीय, रवींद्रनाथ ठाकूर अशा थोर पुरुषांच्या सहवासात ते गेले होते. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा अहमदाबादच्या आश्रमात जाऊन त्यांनी या नव्या नेत्याचे दैनंदिन जीवन बारकाईने न्याहाळले. सांगणे आणि वागणे यांत तसूभरही अंतर नसलेला माणूस आपल्याला सापडला, असा त्यांचा विश्वास बसला.

१९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालालजी स्वागत समितीचे अध्यक्ष होते. असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब करणाऱ्या या अधिवेशनाच्या वेळी त्यांनी गांधीजींपुढे एक वेगळीच मागणी ठेवली. आपल्याला त्यांनी पाचवा पुत्र मानावे, ही ती मागणी होती. गांधीजींना चार पुत्र होते. त्यांनी थोड्याशा विस्मयाने ही विनंती मान्य केली. एकदा दत्तक गेलेल्या माणसाने दुसऱ्यांदा, या वेळी स्वतःच्या निवडीने, पिता पत्करला. त्याच काळापासून ते काँग्रेसचे खजिनदार झाले आणि अखेरपर्यंत ती जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९२१ साली त्यांनी रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली. असहकारासाठी ज्या वकिलांनी वकिली सोडली होती, त्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. त्याच वर्षी त्यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबा भावे यांना वर्ध्यास पाठविले आणि तेथे सत्याग्रहाश्रमाची शाखा सुरू झाली. पेठेचे गाव म्हणून ओळखले जाणारे वर्धा राष्ट्रकार्याचे केंद्र बनण्यास येथून प्रारंभ झाला.

या व्रताची झळ घरालाही बसली, आणि घराने ती स्वीकारली. जानकीदेवींनी दागिने उतरविले, पडदा सोडला, घरातील परदेशी वस्त्रांची होळी केली आणि खादी स्वीकारली. मारवाडी समाजातील सनातनी मंडळींना हे रुचले नाही. आप्तांचा दुरावा सहन करावा लागला, तरी पतीपत्नींपैकी कोणीही मागे हटले नाही.

१९२३ साली नागपुरात राष्ट्रध्वज घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीवर सरकारने बंदी घातली आणि झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालालजींनी त्याचे नेतृत्व केले. त्यांना कारावास आणि दंड अशी दुहेरी शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त केली. पण नागपुरात त्या मोटारीवर बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. सत्तेच्या लिलावाला गिऱ्हाईक मिळू नये, एवढा आदर या व्यापाऱ्याने लोकांच्या मनात मिळविला होता. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी मुंबईजवळ विलेपार्ले येथील छावणी सांभाळली आणि पुन्हा तुरुंगवास भोगला.

राजकीय लढ्याइतकेच सामाजिक कार्य त्यांना महत्त्वाचे वाटे. बच्छराजांच्या घराण्याने वर्ध्यात लक्ष्मीनारायणाचे मंदिर बांधले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना तेथे प्रवेश नव्हता. १९२८ च्या जुलै महिन्यात जमनालालजींनी विनोबांच्या साहाय्याने त्या मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले. विश्वस्तांचे मन वळविणे, जातभाईंचा रोष पत्करणे आणि भाविकांचा गैरसमज दूर करणे, ही सारी कामे त्यांनी धीराने केली. देशात मंदिरप्रवेशाची चळवळ व्यापक होण्यापूर्वीची ही घटना आहे.

सार्वजनिक जीवनात इतके गुंतूनही त्यांनी उद्योगाकडे पाठ फिरविली नाही. बजाज उद्योगसमूह आपली स्थापना १९२६ सालची मानतो. १९३१ साली संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना निघाला. १९३८ साली रेडिओ लॅम्प वर्क्स ही कंपनी स्थापन झाली, तीच पुढे बजाज इलेक्ट्रिकल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. खादीचा प्रचारक साखरेचे यंत्र चालवितो, यात काहींना विसंगती दिसली. जमनालालजींच्या दृष्टीने उद्योगाचा नफा कोणाच्या कामी येतो, हा खरा प्रश्न होता. वर्ध्यातील त्यांची बजाजवाडी ही काँग्रेसच्या नेत्यांची धर्मशाळा बनली होती. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्यांनी आपली बाग व त्यातील इमारत त्या संस्थेला देऊन टाकली, तीच मगनवाडी. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथील जमिनीत जमनालालजींची मालकी होती. या खेड्याचेच पुढे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली, तीही वर्ध्यात, जमनालालजींनी वाढविलेल्या शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने भरली होती.

वर्ध्याला कर्मभूमी मानणाऱ्या या माणसाला आयुष्याच्या उत्तरार्धात जन्मभूमीने हाक दिली. जयपूर संस्थानात त्या वेळी महाराजा सवाई मानसिंह यांचे राज्य होते. परंतु कारभारावर इंग्रज दिवाणाची पकड होती. गुलाबी रंगाच्या तटबंदीआड वसलेल्या या देखण्या राजधानीत प्रजेला सभा भरविण्याचे किंवा संघटना चालविण्याचे स्वातंत्र्य नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेस उघडपणे कार्य करीत होती. संस्थानांत मात्र प्रजेने स्वतःच्या संघटनेद्वारे लढावे, असे धोरण १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात ठरले होते. जयपूर राज्य प्रजामंडळ ही अशीच संघटना. हिरालाल शास्त्री हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. जमनालालजींनी तिची फेररचना होण्यास साहाय्य केले आणि १९३८ च्या मे महिन्यात जयपूर शहरात भरलेल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. जबाबदार राज्यपद्धती आणि नागरी स्वातंत्र्य या त्यांच्या मागण्या होत्या. त्याच वर्षी सीकरचे रावराजा आणि जयपूर दरबार यांच्यात तीव्र संघर्ष उद्भवला. त्यात रक्तपात टळावा म्हणून जमनालालजींनी मध्यस्थी केली. या मध्यस्थीने त्यांच्याविषयी लोकांचा विश्वास वाढला आणि दरबाराचा संशयही वाढला.

१९३८ च्या अखेरीस शेखावाटीत दुष्काळ पडला होता. पीडितांना मदत करण्यासाठी जमनालालजी निघाले असता सवाई माधोपूर स्थानकावर त्यांना अडविण्यात आले आणि संस्थानाच्या हद्दीत प्रवेश करण्यास मनाई केल्याचा हुकूम त्यांच्या हाती देण्यात आला. ज्या मातीत जन्म झाला, तेथेच त्यांना परका ठरविण्यात आले. प्रजामंडळही बेकायदा घोषित झाले. हा हुकूम मानला असता तर व्यापार, पैसा आणि प्रकृती या तिन्हींची काळजी मिटली असती. जमनालालजी तेव्हा पन्नाशीला आले होते, गुडघेदुखीने त्रस्त होते आणि कामांचा डोंगर त्यांच्यापुढे होता. तरीही फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी मनाई मोडून संस्थानात प्रवेश केला. त्यांना पकडून हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले. ते पुन्हा आले, पुन्हा बाहेर काढले गेले आणि पुन्हा आले. अखेर दरबाराने त्यांना स्थानबद्ध केले. त्यांच्यामागे जयपुरात शेकडो लोकांनी सत्याग्रह केला. गांधीजींनी आपल्या लेखांतून या लढ्याचा प्रश्न देशापुढे मांडला आणि काही काळाने सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला.

एकांतवासाचे हे महिने जमनालालजींनी वाचन, सूतकताई आणि आत्मपरीक्षणात घालविले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यानंतर झालेल्या वाटाघाटींतून दरबाराने प्रजामंडळाला मान्यता दिली. संघटनेचा अधिकार मान्य होणे ही त्या काळच्या संस्थानी राज्यात लहान गोष्ट नव्हती. याच प्रजामंडळात घडलेले हिरालाल शास्त्री १९४९ साली राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि जयपूर त्या राज्याची राजधानी बनली. तो दिवस पाहावयास जमनालालजी मात्र हयात नव्हते.

वैयक्तिक सत्याग्रहात भाग घेतल्याने त्यांना पुन्हा कारावास घडला. प्रकृती ढासळल्याने त्यांची मुक्तता झाली. तुरुंगातून बाहेर आल्यावर त्यांनी राजकारण आणि व्यापार या दोहोंतून मन काढून घेतले आणि गांधीजींच्या संमतीने गोसेवेचे कार्य अंगीकारले. वर्ध्याजवळ गोपुरी येथे साध्या झोपडीत ते राहू लागले. जातिवंत गाईंचे संवर्धन, दुधाचे उत्पादन, मृत जनावरांच्या चामड्याचा योग्य उपयोग अशा व्यावहारिक अंगांचा त्यांनी विचार चालविला होता. व्यापाऱ्याची हिशेबी बुद्धी येथेही त्यांच्या सेवेत होती. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अकस्मात निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

धनवंतांनी स्वतःला संपत्तीचे विश्वस्त समजावे, हा विचार गांधीजी सतत मांडत आले होते. जमनालालजींच्या मृत्यूनंतर त्यांनी लिहिले की, या विचाराविषयी लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे मुख्यत्वे हाच व्यापारी असे. जानकीदेवींनी आपली व्यक्तिगत संपत्ती गोसेवेस अर्पण केली आणि पुढे विनोबांच्या भूदान व कूपदान कार्यात स्वतःला वाहून घेतले. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला.

मागे राहिलेल्या उद्योगाचा भार थोरले पुत्र कमलनयन यांच्यावर आला. त्यांचे बालपण विनोबांच्या शिस्तीत गेले होते. धाकटे बंधू रामकृष्ण हेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आले होते. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची एक कंपनी नोंदविण्यात आली. ज्या आजोबांच्या धनावरील हक्क जमनालालजींनी सतराव्या वर्षी कागदावर सोडून दिला होता, त्यांचेच नाव या कंपनीला देण्यात आले होते. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली.

१९४८ पासून ही कंपनी परदेशातून दुचाकी आणि तीनचाकी वाहने आणून विकू लागली. स्वतंत्र भारतात परकीय चलनाचा तुटवडा होता. त्यामुळे आयातीवर उद्योग दीर्घकाळ चालणे शक्य नव्हते. वाहने देशातच तयार व्हावीत, हे सरकारचेही धोरण होते. १९५९ साली कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी वाहनांच्या निर्मितीचा परवाना मिळाला. १९६० मध्ये ती सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली आणि इटलीतील पियाजिओ कंपनीशी झालेल्या कराराने वेस्पा स्कूटर भारतात बनविण्याचा मार्ग मोकळा झाला. पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला. मोटारगाडी परवडत नाही आणि सायकलने अंतर कापवत नाही, अशा मध्यमवर्गीय कुटुंबाला स्कूटर सोयीची वाटली. तिच्या सपाट फळीवर पिशवी ठेवता येई, मूल उभे राहू शके आणि साडी नेसलेली स्त्री मागे सहज बसू शके. तीनचाकी रिक्षाने गावोगावच्या होतकरू तरुणांना स्वतःचा व्यवसाय दिला. १९७० साली कंपनीचे एक लाखावे वाहन बाहेर पडले.

कमलनयन यांचे पुत्र राहुल बजाज यांच्या हाती १९६८ साली कंपनीची सूत्रे आली. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला. तोपर्यंत येथील कारागीर आणि अभियंते स्वतःच्या बळावर स्कूटर बनविण्यास समर्थ झाले होते. १९७२ साली चेतक ही स्कूटर बाजारात आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला देण्यात आले होते. राजस्थानातून निघालेल्या घराण्याने आपल्या वाहनाला राजस्थानच्या इतिहासातील नाव द्यावे, हे उचितच होते. त्या काळी कोणत्या कारखान्याने किती माल काढावा, हे सरकारी परवान्याने ठरत असे. मागणी अफाट आणि उत्पादन मर्यादित, यामुळे ग्राहकांना स्कूटरसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. मुलीच्या लग्नाच्या वेळी मिळावी म्हणून लोक आधीच नाव नोंदवून ठेवीत. १९७७ साली कंपनीने एका आर्थिक वर्षात एक लाख वाहने विकली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे दुसरा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी वार्षिक विक्री पाच लाखांवर गेली.

परंतु मागणीपेक्षा कमी पुरवठा असलेल्या बाजारात यश मिळविणे वेगळे आणि स्पर्धेत टिकणे वेगळे. १९८० च्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या मोटारसायकली भारतात आल्या. स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते. त्यामुळे धूर अधिक होतो आणि इंधनही अधिक लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे राहते आणि तितक्याच पेट्रोलमध्ये गाडी अधिक अंतर जाते. खेड्यापाड्यांच्या खडबडीत रस्त्यांवर मोटारसायकलची मोठी चाकेही अधिक उपयुक्त ठरली. बजाज ऑटोने जपानच्या कावासाकी कंपनीशी सहकार्य करून १९८६ मध्ये मोटारसायकल काढली आणि १९९१ मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. त्याच वर्षी देशाच्या आर्थिक धोरणात बदल झाला, परवान्यांचे बंधन गेले आणि त्याबरोबर त्या बंधनाने मिळणारे संरक्षणही गेले. १९९५ साली कंपनीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तिची एक कोटी वाहने रस्त्यावर आली होती. पण ग्राहकाची पावले मोटारसायकलच्या दुकानांकडे वळू लागली होती.

हा काळ कंपनीच्या कसोटीचा होता. जुन्या यशाच्या आधारावर बसून राहावे की ते यश ज्या वस्तूने दिले तिच्याही पलीकडे जावे, हा निर्णय घ्यावयाचा होता. कंपनीने स्वतःच्या संशोधनावर भर दिला. पुण्याजवळ चाकण येथे १९९९ मध्ये नवा कारखाना निघाला. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये पल्सर ही मोटारसायकल आली आणि तरुण ग्राहकांनी तिचे उत्स्फूर्त स्वागत केले. स्कूटर बनविणारी कंपनी ही ओळख मागे पडून मोटारसायकल बनविणारी कंपनी अशी तिची नवी ओळख निर्माण झाली. या बदलात राहुल बजाज यांचे पुत्र राजीव यांचा पुढाकार होता. २००७ साली कंपनीने ऑस्ट्रियातील केटीएम या मोटारसायकल कंपनीत भागभांडवल घेतले. २००९ च्या अखेरीस स्कूटरची निर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा अनेक कुटुंबांना घरातील एखादे माणूस दुरावल्यासारखे वाटले. आज या कंपनीची वाहने सत्तरहून अधिक देशांत जातात. २०२० साली चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परत आले. २०२२ च्या फेब्रुवारीत राहुल बजाज यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये आकुर्डीला विजेवरील चेतकचा कारखाना सुरू झाला. २०२४ मध्ये कंपनीने सीएनजी या इंधनवायूवर चालणारी मोटारसायकल विक्रीस आणली. अशी मोटारसायकल जगात प्रथमच बाजारात येत होती.

एका व्यक्तीने स्वतःला विश्वस्त मानणे आणि लाखो भागधारक असलेल्या कंपनीने त्याच मार्गाने चालणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. कंपनीला नफातोट्याचा हिशेब दरवर्षी मांडावा लागतो, प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागते आणि प्रिय झालेली वस्तूही प्रसंगी सोडावी लागते. जमनालालजींच्या वारसांनी शिक्षण, ग्रामविकास आणि गांधीविचार यांसाठी संस्था उभारल्या. मुंबई विद्यापीठाची व्यवस्थापनशास्त्राची संस्था १९६५ पासून त्यांचे नाव धारण करते. रचनात्मक कार्य करणाऱ्या व्यक्तींना १९७८ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. या साऱ्या उपक्रमांचे मोल आहेच. तरीही जमनालालजींनी स्वतःला लावलेली कसोटी याहून कठोर होती. मिळविलेल्यातून किती दिले, एवढ्यावर ते थांबत नसत. उरलेलेही आपले नाही, या भावनेने आपण जगतो का, असे ते स्वतःला विचारीत.

शेखावाटीच्या वाळूतून निघालेला हा प्रवास वर्ध्याच्या पेढीवर, नागपूरच्या तुरुंगात, मंदिराच्या उघडलेल्या दारात आणि जयपूरच्या सीमेवर घडत गेला. उद्योग वाढविण्याची बुद्धी आणि वाढलेले सोडून देण्याची तयारी हे दोन गुण एका माणसात क्वचितच एकत्र येतात. पहिल्या गुणाचा वारसा कारखान्यांच्या रूपाने दिसतो आणि मोजताही येतो. दुसऱ्या गुणाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. आणि म्हणूनच तो वारसा प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो.